बेडकी कोणी पाडली

भावाला अर्धांगाचा झटका आल्यापासून कारखाना सुटला की ती आधी त्याच्याकडे जायची आणि मग घरी. शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता तो. काजाच्या मशीनवर तिची बावीस वर्षं गेली होती. सदरा पुढ्यात आला की सहा काजं, की पुढचा सदरा. तिथे दिवसभर कोणाशी बोलायची सोय नव्हती, आणि आता संध्याकाळी जाऊन बोलायचं तेही अशा माणसाशी, ज्याला उत्तर देता येत नव्हतं.

भाऊ तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, मोटारसायकलींचा मिस्त्री. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी आलं की हा आतूनच गाडीचं दुखणं ओळखायचा. तोंडाने असा फटकळ, की समोरच्याला हसावं की रागवावं कळू नये. एका सकाळी गॅरेजमध्ये चाक काढायला खाली बसला तो उठलाच नाही. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. एवढ्या बडबड्या माणसाजवळ एकच शब्द उरला: थांब. पाणी हवं असलं तरी थांब, नको असलं तरी थांब. बायकोला हाक मारायची तीही थांब.

बोलणं शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी सांगितलं होतं की यांच्याशी जुनं काही बोलत राहा, लहानपणच्या गोष्टी काढा, त्यातून एखादा शब्द सापडतो कधी कधी. वहिनींना त्याचं लहानपण कुठलं ठाऊक असायला? आईवडील जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तेव्हा ते काम हिच्याकडेच आलं.

तिने बेडकीची गोष्ट काढली.

बेडकी म्हणजे बाबांनी स्वतः बनवलेली मोटारसायकल. बाबा पंपदुरुस्तीचं काम करायचे. भंगारात निघालेल्या फवारणी पंपाचं इंजिन, सामान वाहायच्या ढकलगाडीची दोन चाकं आणि मोडक्या खुर्चीची गादी, एवढ्या भांडवलावर त्यांनी ती उभी केली. उंचीला शेळीएवढी. दोरी ओढली की आधी एक उडी मारायची आणि मग चालू लागायची, म्हणून तिचं नाव बेडकी. ब्रेक नव्हताच. पुढे बसणारा असो की मागे, डावी चप्पल मागच्या चाकावर दाबायची, तोच ब्रेक. दोघांच्याही डाव्या चपलेची टाच महिन्याभरात खलास व्हायची आणि उजवी मात्र कोरी करकरीत. ही पोरं चालतात तरी कशी, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे ऐकताना भाऊ हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. तिला हुरूप आला आणि ती पुढे सांगत सुटली. पाण्याच्या टाकीमागचा उतार, तिने आठवडाभर धरलेला हट्ट, आणि शेवटी एकदाचं त्याने तिला पुढे बसू दिलं तो दिवस. तो मागे, त्याचे हात तिच्या हातांवर. अर्ध्या उतारावर भिंत दिसली.

"आणि मी घाबरले," ती म्हणाली. "रेसची मूठ सोडायची तर मी ती आणखीनच पिळली."

बेडकी भिंतीवर गेली. हिच्या हनुवटीला चार टाके पडले, त्याचं मनगट मोडलं. बाबांनी विचारलं तेव्हा ही तोंड उघडायच्या आत तो म्हणाला होता, मी पाडली. मोडक्या हाताच्या पोराला बाबांनी दोन ठेवून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी बेडकी खोलून टाकली. ते मनगट पुढे जन्मभर वाकडंच राहिलं. त्यानंतर पन्नास वर्षांत कोणी विषय काढला, तर जाऊ दे, पडली ती पडली, एवढंच तो म्हणायचा. आपल्यासाठी याने मार खाल्ला हे तिच्या मनात तेव्हापासून बोचत होतं, पण माफी मागायची तर मुहूर्त काही सापडला नव्हता.

ती गोष्ट सांगत त्या मुठीपर्यंत आली आणि भावाने डावा हात वर केला.

"थांब."

हा थांब रोजचा नव्हता. तो डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होता. त्याने तिचा उजवा हात ओढून घेतला, बोटं मिटून त्याची मूठ केली आणि ती पिळली. मग बोटं एकेक करून उलगडली आणि मान जोरजोरात हलवली. पुन्हा मूठ, पुन्हा पीळ, पुन्हा बोटं मोकळी. कपाळावर घाम आला होता. स्वयंपाकघरातून वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

हात सोडला तरी मूठ मागे येत नाही, असं काहीसं तो दाखवत होता.

"दादा, रेसची वायर अडकली होती का?"

त्याने मान डोलावली.

"म्हणजे मी नाही पाडली?"

त्याने पुन्हा मान डोलावली. पन्नास वर्षांचं ओझं उतरावं तसं तिला वाटलं. पण वहिनी त्या माना महिनोन् महिने बघत आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, एकदा उलटं विचारून बघा."

तिला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं, "मीच पाडली ना?"

त्याने अगदी तशीच मान डोलावली. मग आपण काय केलं ते त्यालाच कळलं असावं. खुर्चीच्या हातावर त्याने मूठ आपटली, दोनदा, तीनदा, आणि रडायला लागला.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी पुढच्या खेपेला हो आणि नाही लिहिलेली कार्डं आणली. तुम्ही मिस्त्री आहात का, याला त्याने 'हो' उचललं. तुम्ही शिक्षक आहात का, यालाही 'हो'. बाई म्हणाल्या की प्रश्न त्यांना कळतो, पण उत्तर बाहेर येताना वाट चुकतं. त्यात त्यांचाही काही दोष नाही आणि आपलाही नाही. डाव्या हातात पेन्सिल दिली तर त्याने एक लांब तिरकी रेघ काढली, तिच्यावर एक गोल, आणि गोलातून निघून खाली लोंबणारी आणखी एक रेघ. तो कागद तिने डब्याच्या पिशवीत आठवडाभर वागवला. कारखान्यातल्या मशीनवाल्याला दाखवला, तर तो म्हणाला, वायर असेल किंवा उतार असेल, नाहीतर सुईतला दोरा असेल.

मग तिला टाकीच्या पहारेकऱ्याची मुलगी आठवली. त्या दिवशी ती उताराच्या पायथ्याशी उभी होती. आता ती एका शाळेत कारकून होती. खटपटीने नंबर मिळवून फोन केला, तर बेडकी तिला चांगलीच आठवत होती. काय हिरवीगार होती ना गं, ती म्हणाली. बेडकीला रंग कधी लावलेलाच नव्हता. वर ती असंही म्हणाली की त्या दिवशी मागे मीच बसले होते, तू नव्हतीसच. हिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तरी ती भावाला रोज विचारत राहिली. मूठ, वायर, भिंत, चप्पल. एके संध्याकाळी वहिनींनी तिला दारातच अडवलं.

"ती गोष्ट आता नका काढू वन्सं. तुम्ही गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसतात, जेवत नाहीत. सांगायचंय ते मलाही दिसतं हो. पण कुठून काढायचं ते?"

तिने गोष्ट बंद केली. शाळेतल्या खोड्या काढल्या, आईचे शेजारणींशी झालेले तंटे काढले, कारखान्यात नवीन आलेल्या साहेबाची नक्कल केली. तो ऐकायचा. पुढे दुसरा झटका आला, आधीच्यापेक्षा हलका, पण त्याने खुर्चीही गेली आणि पलंगच उरला. बाई यायच्या थांबल्या. जे परत यायचं ते येऊन गेलं, असं त्यांनी वहिनींना सांगितलं होतं.

एका रविवारी वहिनी आंघोळीला गेल्या असताना ती त्याच्या उशाशी बसली.

"दादा, मी पाडली असेन तर मला माफ कर," ती म्हणाली. "आणि नसेन पाडली तरी मार तू खाल्लास. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. आत कुठेतरी तो शोधत होता, एकेक खण उघडून बघावा तसा, आणि प्रत्येक खण रिकामा निघत होता. मध्ये नळ बंद झाल्याचा आवाज आला. त्याचे ओठ थकले. त्याने डावा हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला आणि थोपटलं, दोन-तीनदाच. माफ केलं म्हणून, की माफ करण्यासारखं काही नव्हतंच म्हणून, की तिला रडू आलेलं दिसलं म्हणून, ते तिला समजलं नाही. विचारायची सोय नव्हती.

केस पुसत वहिनी आत आल्या. चादर बदलायची होती. दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं.