हुतात्म्यांच्या दगडावरची सातवी ओळ

अजिनाथकाका दगडावर अक्षरं कोरतात. प्रवरेकाठच्या आमच्या छोट्या गावात शाळेची कोनशिला, घाटावरची पाटी, देवळातली देणगीदारांची यादी, सगळं त्यांच्या हातचं. शिक्षण चौथीपर्यंत. डाव्या डोळ्यात एकदा दगडाची कपची गेली, तेव्हापासून तो डोळा सारखा पाणावतो. अनोळखी माणसाला वाटतं, हे रडतायत.

छिन्नी लावण्याआधी ते गेरूनं अक्षरं मांडून बघतात. ओळ मावते का, उंची शोभते का. असं बघायला त्यांचं एक ठरलेलं नाव आहे. अमृत अजिनाथ गुंजाळ. मुलाचं. तो पाळण्यात होता तेव्हापासूनची ही सवय. अंदाज आला की ओल्या फडक्यानं पुसायचं आणि तिथं खरं नाव लिहायचं. गावातल्या निम्म्या दगडांवर अमृतचं नाव असं थोडा वेळ राहून गेलं आहे. शाळेत आम्ही त्याला यावरून चिडवायचो. देणगी एक रुपया नाही आणि नाव सगळ्या देवळांत.

अमृत आता सैन्यात आहे. जम्मूकडे.

आमच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. गावातून एकतीस माणसं लढाईवर गेली, त्यांतली चार मेली, एवढंच त्यावर लिहिलेलं. ती चार कोण, हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून नदीकडच्या चौकात नवं स्मारक करायचं ठरलं, तेव्हा निवृत्त सुभेदार भीमा कडू यांनी बजावलं की या वेळी नावं हवीत. मी मराठी घेऊन बी. ए. केलेलं, त्यामुळे नावं शोधायचं काम माझ्याकडे आलं. पासष्टच्या लढाईपासूनची सहा मिळाली. सुभेदारांनी सहाव्याच्या खाली एक ओळ मोकळी ठेवायला सांगितली.

"कशापायी?" काकांनी विचारलं.

"पुढं लागली तर."

काका दगडाला पाठ करून छिन्नीला धार लावत बसले.

या मे महिन्यात सीमेवर गोळाबार सुरू झाला आणि अमृतचा फोन लागेनासा झाला. पहिले दोन दिवस काका घरात टीव्हीसमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात आले. घरात बसवत नाही म्हणाले. त्यांनी सहा नावं गेरूनं मांडली. सातव्या मोकळ्या ओळीत हात पंचवीस वर्षं जसा चालला तसाच चालला. मग फडकं भिजवून आणायला ते नदीवर गेले.

तेवढ्यात मी नावं तपासायला पोचलो. सहाही नावं नीट वाचली. बरोबर होती. त्याखाली पाहिलं नाही, कारण तिथं काही नसणार हे मला माहीत होतं. मोबाईलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, आपल्या गावचे हुतात्मे.

दहा मिनिटांत धाकट्या बहिणीचा फोन आला. अमृतदादा कधी गेला, असं ती विचारत होती. मी फोटो उघडून पाहिला. मग पळत काकांच्या घराकडे निघालो.

माझ्या आधी तिथं शेजारच्या छबूबाई पोचल्या होत्या. हातात झाकलेलं ताट. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेतात. आमच्याकडे यात कुणी चुकत नाही, उशीरही करत नाही. अमृतची आई, रंगुकाकू, गहू निवडत बसलेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ताट बघूनच तिला कळलं. ती उठून दारात आडवी उभी राहिली.

"छबू, ते ताट माघारी ने."

"अगं, मोबाईलवर आलंय..."

"माझी चूल पेटलेली हाय. न्हाई लागत मला तुझं ताट."

चूल पेटलेली नव्हती. घरात गॅस आहे. काकू परसात गेली आणि पावसाळ्यासाठी रचलेल्या काटक्या ओढून मोडू लागली. जुन्या चुलीतून धूर निघाला. तो आळीत सगळ्यांना दिसायला हवा होता. मी तिच्याजवळ बसून माझी चूक सांगितली. तिनं ऐकलं असावं. भाकरी थापायची थांबली नाही.

मी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला. तोवर तो चाळीस ठिकाणी गेला होता. अमृतची बायको संस्कृती माहेरी, श्रीगोंद्याला. सातवा महिना. तिच्या भावाचा मला फोन आला. मी त्याला सांगितलं, ते खोटं आहे, नुसतं गेरूनं लिहिलेलं होतं.

"म्हणजे दाजी जिवंत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं.

नदीवरच कुणीतरी गाठून सांगितलं, तसे काका तडक घरी आले, तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. हातात ओलं फडकं तसंच. सगळे त्यांना समजावू लागले की तुम्हीच लिहिलंय, म्हणजे त्यात काही अर्थ नाही. ते ओट्यावर बसले.

"म्याच लिवलंय," ते म्हणाले. मग फक्त मला ऐकू जाईल असं बोलले. "पर आजवर पुसल्याबिगर म्या कधी दगड सोडला न्हाई, राजस. आजच कसा सोडला?"

त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. त्यांना त्या दगडाजवळ जायचं नव्हतं. मीच चौकात जाऊन नाव पुसलं.

सुभेदार दिवसभर ओळखीच्या जुन्या माणसांना फोन करत राहिले. कुणाकडून काही कळलं नाही. काकूनं दोन वेळा पीठ मळलं. खाणारं कुणी नव्हतं. छबूबाई ताट घरी ठेवून परत आल्या आणि काटक्या मोडून देऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास काकांच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला. ते स्क्रीनकडे बघत राहिले. बटण मी दाबलं आणि स्पीकर लावला.

"आबा, अमृत बोलतोय."

काकू पिठाच्या हातांनीच पुढे धावली. काकांचा चेहरा मात्र तसाच राहिला.

"गुडघ्याला तुझ्या काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सांग."

"खूण हाय. तुमची छिन्नी लागली हुती. आबा, झालंय काय?"

काकांनी फोन काकूकडे दिला. तिनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला. मग अमृतच बोलला. तो बरा आहे, फोन दुसऱ्याचा आहे, दोनच मिनिटं मिळाली आहेत. उद्या ते पुढं जाणार. मग फोन नसेल.

"किती दिस?" काकांनी लांबूनच विचारलं.

"न्हाई सांगता येत."

फोन बंद झाला. मी संस्कृतीच्या भावाला कळवलं. कुणीतरी पेढे आणले. काकांनी घेतले नाहीत. ते शेजारच्या फरशीवाल्याकडून कटर मागून चौकात गेले. सहाव्या नावाखाली पट्टी धरून रेघ मारली आणि दगड कापायला लागले. आवाज ऐकून सुभेदार आले.

"अजिनाथ, जागा लागंल."

"लागली तर दुसरा दगड आना. कोरायलाबी दुसराच बघा."

सुभेदार मग पायातल्या चपला काढून खाली वाकले आणि कापलेला तुकडा पडू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

त्याला आज अकरा दिवस झाले. अमृतचा फोन नाही. काका रोज सकाळी चौकात येतात. पहिली चार नावं कोरून झाली आहेत.