‘घेतला’ म्हटल्याशिवाय

मोठ्या सिस्टर रिटायर झाल्या तेव्हा धुळ्याला आमच्या हॉस्पिटलच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि लांबच लांब भाषणं. एका पाहुण्याने त्यांना ‘करुणेची मूर्ती’ म्हटलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूर्ती कसली डोंबलाची! मूर्तीला मार बसत नाही. या बाईने माझ्या डोळ्यांदेखत मार खाल्लाय, आणि शाल त्यांच्या डाव्या खांद्यावरून सारखी का घसरत होती, हे त्या हॉलात फार थोड्यांना माहीत होतं.

मी शिरपूरची, त्या वेळी नुकतीच त्यांच्या हाताखाली लागलेली. त्या सोनगीरच्या. पेशंटशी अहिराणी, आमच्याशी मराठी, आणि कुणाचं चुकलं की शिव्या दोन्हीत. रबरी फुगा दाबून पेशंटला श्वास द्यावा लागतो, त्याचा त्यांनी वॉर्डात एक रिवाज पाडला होता. दुसऱ्याने आपल्या हातावर हात ठेवून ‘घेतला’ म्हटल्याशिवाय फुगा सोडायचा नाही. “घर पेटलं तरी नाही,” म्हणायच्या. आम्ही पोरी पाठीमागे त्यांची नक्कल करून हसायचो.

पावसाळ्यातल्या एका दुपारी साक्रीकडची एक बाई आणली. कपाशी निंदताना नाग चावलेला. आधी भगताकडे, मग आमच्याकडे, नेहमीचंच. पिंढरीला मंतरलेला काळा दोरा असा आवळलेला की पाय काळानिळा पडला होता. तिच्या माणसांची समजूत अशी, की ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्याने हात लावला तर विष वर चढतं. मोठ्या सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून आधी विषावरचं औषध सुरू केलं, मग मला म्हणाल्या, “काप.” मी दोरा कापला आणि पलंगाखालच्या बादलीत टाकला.

थोड्या वेळाने बाईच्या पापण्या जड झाल्या, मान लुळी पडली, श्वास थांबत आला. नागाचं विषच तसं, दोऱ्याचा काडीचा संबंध नाही. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि ते श्वासाचं मशीन बघायला वरच्या मजल्यावर धावले. फुगा मोठ्या सिस्टरांच्या उजव्या हातात आला.

तेवढ्यात नवरा आत आला आणि त्याला बादलीतला दोरा दिसला.

“दोरा कोनी काप्या?” त्याच्या ओरडण्याने बाहेरचे भाऊबंद आत घुसले. औषधांचं कपाट आडवं झालं, काचांचा खच पडला. वॉर्डबॉय पळाले, मेले भित्रे! एकाने माझी वेणी धरून मला भिंतीवर आपटलं. तोंडात रक्त आलं. मी काही बोलायच्या आत मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मी काप्या. माले मारा. पन हाऊ हात धरू नका.”

आणि मारलं हो! नवऱ्याने लोखंडी स्टूल उचलून त्यांच्या डाव्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव कपाळावर बसला, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. उजवा हात चालूच होता. दाब, सोड. दाब, सोड. मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला. खोटं कशाला बोलू, खालची फुटकी बाटली मी उचललीही होती.

तेवढ्यात त्याने त्यांचं उजवं मनगटच धरलं. फुगा थांबला.

“देख!” त्या किंचाळल्या. “तिन्ही छाती देख! हालस का?”

त्याने पाहिलं. छाती हलत नव्हती. बायकोचे ओठ निळे पडत होते. त्याची पकड सुटली.

“तुन्ही बायको शे ना? मंग आते तू दाब. मन्हा हात चालत नही.” त्यांनी फुग्यासकट आपला हात त्याच्या पंजाखाली सरकवला. “घेतला म्हन.”

“घेतला,” तो कसाबसा म्हणाला, आणि दाबलं. छाती वर आली. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा वर आली. मग तोच आपल्या भाऊबंदांवर ओरडला, “बाहेर व्हा बठ्ठा!”

मोठ्या सिस्टर पलंगाच्या पायाला टेकून काचांतच खाली बसल्या आणि तिथून त्याला सांगत राहिल्या, दाब, सोड.

ती बाई वाचली, पुढे आपल्या पायांनी चालत घरी गेली. तिच्या नवऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण तेव्हा तो फुगा दाबत असतानाच डॉक्टर धावत आले, मशीन वरच लावलंय, पेशंटला वर न्यायचंय म्हणाले, आणि माझ्यावर ओरडले, “सिस्टर, फुगा घ्या!”

मी पुढे झाले. तो सोडेना.

“‘घेतला’ म्हना. मंगच सोडसू.”

त्याच्या बोटांवर माझ्या सिस्टरांचं रक्त होतं. माझ्या हातात अजून बाटली होती.

“पोरी,” खालून आवाज आला, “टाक ती.”

मी बाटली टाकली. त्याच्या त्या हातावर माझा हात ठेवला.

“घेतला,” मी म्हणाले.

ते ऐकलं आणि मगच मोठ्या सिस्टरांनी डोळे मिटून घेतले.