विनिफ्रेडबाईंची अकरा पानं आणि नॉर्मनचे लीक

विनिफ्रेड रेन तीस वर्षं बेकरीत पहाटे चारच्या पाळीला उभी राहिली. निवृत्त झाली त्या दिवशी तिने मालकाला सांगितलं, "यापुढे पहाटेचे पाच वाजतात हे मी फक्त लोकांकडून ऐकणार." वर्षभर तिने शब्द पाळला. मग शेजारच्या नॉर्मन कूल्थार्डला संगीताचा साक्षात्कार झाला.

ब्रॅकनसाइड हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं, खाणी बंद पडलेलं गाव. खाणी गेल्या, पण लीकची स्पर्धा राहिली. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला, पैलवान भाऊ. सप्टेंबरात ज्याचा सर्वांत जाड, तो वर्षभर मान ताठ ठेवून फिरतो. कुणी मुळाशी बिअर ओततं, कुणी काय ओततं ते विचारू नये. नॉर्मनचं म्हणणं असं, की दव असताना पितळी वाद्यांचा बँड ऐकवला की लीक फुगतात. म्हणून एप्रिलपासून रोज पाचच्या ठोक्याला वाफ्यात स्पीकर, आणि त्यातून ट्रॉम्बोन.

आता तुम्ही म्हणाल, कुंपणावरून सांगायचं की, "बाबा, बंद कर." पण ब्रॅकनसाइडमध्ये शेजाऱ्याची तक्रार शेजारी सोडून सगळ्यांकडे करायची रीत आहे. विनिफ्रेड रोज सकाळी सुजल्या डोळ्यांनी त्याला विचारायची, "लीक काय म्हणतात, नॉर्मन?" आणि घरात येऊन गावच्या काउन्सिलला फोन लावायची.

तिकडे उपद्रवाच्या तक्रारी लेस्ली पॅटिन्सन घ्यायची. "नोंद ठेवा, बाई. तारीख, वेळ, काय घडलं, तुमच्यावर काय परिणाम झाला," ती म्हणाली आणि छापील पानं पाठवून दिली.

विनिफ्रेड एकेक पान दोन्ही बाजूंनी भरून पाठवू लागली. "१२ जून, पहाटे ५.०२. कूल्थार्ड आज बायकोच्या गुलाबी गाउनात. खुरपं हलवत बँडमास्तरसारखे हातवारे. तिसऱ्या रांगेवर विशेष लोभ. परिणाम: झोप गेली, आणि तो गाउन डोळ्यांपुढून जात नाही." सातव्या पानात तर राग अनावर होऊन तिने लिहिलं, "एवढं वाजवूनही लीक आमच्या पाद्रीबाबांच्या पायांपेक्षा किडकिडीत."

प्रत्येक पानाला उत्तर एकच: माहिती उपयुक्त आहे, कृपया लिहीत राहा.

अकरावं पान गेलं तेव्हा तिची मैत्रीण एनिड म्हणाली, "अगं, सहा महिन्यांत तीन तक्रारी होऊन काही हाललं नाही, तर फेरतपासणी मागता येते. तपासणाऱ्यांचाच तपास!"

"तीन? माझ्या अकरा झाल्या."

"मग तू जवळजवळ चार वेळा पात्र आहेस."

विनिफ्रेडने अर्ज ठोकला. तीन आठवड्यांनी काउन्सिलच्या खोलीत बैठक बसली. एका बाजूला लेस्ली आणि हवालदार हेस्लॉप, मधे बाहेरगावाहून आणलेल्या अध्यक्षबाई ब्लेनकिन्सॉप, समोर चांगला कोट घातलेली विनिफ्रेड.

"कूल्थार्डांना भेटायला कोण गेलं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

लेस्लीने हेस्लॉपकडे पाहिलं, हेस्लॉपने छताकडे.

"पत्र? फोन?"

लेस्लीने घसा साफ केला. "जाणारच होतो हो. पण तेवढ्यात सहावं पान आलं. त्यात मिसेस कूल्थार्डनी गाउनावरून त्यांना फैलावर घेतलं होतं. ते मिटल्याशिवाय मधे पडणं बरं दिसेना."

"आणि ती कुंडी कुणी फोडली?" हेस्लॉपला राहवलं नाही. "नवव्या पानात अर्धवटच राहिलंय ते."

"हवालदार, तुम्हीही वाचलंत?"

"आमच्याकडे प्रत येते ना. चौकीत मोठ्याने वाचतो, मॅडम. चहाच्या वेळी. पाळी सुटली तरी माणसं थांबतात."

खरं सांगायचं तर विनिफ्रेडला क्षणभर बरं वाटलं. पण तो क्षण लगेच गेला. "म्हणजे मी पहाटे पाचला, तोंडात कवळी घालायच्या आत लिहायला बसायचं, आणि तुम्ही बिस्किटं बुडवत ऐकायचं?"

"पण काय सुरेख लिहिता हो तुम्ही!" लेस्ली म्हणाली.

"मला लिहायचं नाहीये, बये! मला झोपायचंय!"

अध्यक्षबाईंनी निकाल दिला: हाताळणी साफ चुकली, बाईंची माफी मागा, आणि आठवड्याच्या आत कूल्थार्डांना तक्रार कळवा. लेस्लीला एवढा पश्चात्ताप झाला, की त्याच दुपारी तिने अकराही पानं नॉर्मनच्या हातात नेऊन दिली.

संध्याकाळी नॉर्मन पानांची गुंडाळी घेऊन दारात हजर. विनिफ्रेडने कंबरेवर हात ठेवले.

"त्रास होत होता तर बोलली का नाहीस, विनी? रोज लीकची खुशाली विचारायचीस!"

"ते आपलं सभ्यपणा म्हणून."

"बरं, ते सोड. गाउनाचंही सोड, उबदार आहे तो. पण हे सातवं पान! पाद्रीबाबांचे पाय? अगं, हे सरकारदरबारी गेलंय! हेस्लॉपचा मेहुणा स्पर्धेत परीक्षक आहे!" त्याने ते पान तिच्यापुढे धरलं. "नऊच्या आधी सूर काढणार नाही, शपथ घेतो. पण हे एवढं दुरुस्त करून दे."

झाली का पंचाईत! बोललेला शब्द विनिफ्रेडने जन्मात मागे घेतला नव्हता. बेकरीत एकदा साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हाही तिने बन तसेच विकायला लावले होते. एकीकडे ताठा, दुसरीकडे उशी. ती मुकाट्याने त्याच्या मागोमाग वाफ्याकडे गेली. आणि पाहते तर लीक खरंच दंडाएवढे, तेही बेकरीतल्या बाईच्या दंडाएवढे.

तिने पेन मागितलं आणि बारावं पान लिहिलं: "सातव्या पानातली तुलना आता लागू नाही. पाद्रीबाबांचे पाय आहेत तसेच आहेत, लीक वाढले."

नॉर्मनने दोनदा वाचलं आणि पान छातीशी धरून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे नऊला बँड सुरू झाला. तीन गाणी संपली. विनिफ्रेडच्या खिडकीचा पडदा हलेना. इतके महिने न चुकता त्या पडद्याआडून कुणीतरी बघत असायचं. नॉर्मनला चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्याने आवाज थोडा चढवला. मग आणखी थोडा.

स्वयंपाकघरातून बायको, बेरिल, ओरडली, "कमी कर रे मेल्या! बाई झोपलीय ना पलीकडे!"