मुशीचं तेल

गाडीचा एसी थंड हवा देईनासा झाला तेव्हा मी आधी उन्हाळ्याला बोल लावला. मे महिना, त्यात आमच्या सातपाटीची खारी, चिकट हवा. म्हटलं, बिचारा एसी तरी किती पुरा पडणार. पण मागच्या सीटवर बाबाला घामाने निथळताना पाहिलं की माझं डोकं फिरायचं. त्याच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा मी त्याला डायलिसिसला बोईसरला नेत होते. बेटेगावच्या पुढे कारखान्यांचा वास नाकात जातो म्हणून काचा वर करायच्या, आणि काचा वर केल्या की गाडीची भट्टी. घोट घोट मोजून पाणी प्यायचं ज्याच्या नशिबी आलंय, त्याला त्या भट्टीत बसवायचं.

मला सुकत घातलाय, असं तो म्हणायचा. आयुष्यभर बोंबील वाळताना पाहिलेल्या माणसाची थट्टा, मीही हसायचे. मग एका खेपेला तो खाटेवरून उठलाच नाही. त्या गरमीत येत नाही म्हणाला. लगेच पाय सुजले, आडवं पडलं की धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, आणखी खेपा चुकल्या तर फुप्फुसांत पाणी भरेल, मग धावपळ करूनही हाती काही लागायचं नाही. तेव्हापासून गाडीचा एसी हा माझ्यासाठी बाबाचा जीव होऊन बसला. गाडी गार झाली की बाबा येत राहील, एवढंच मी डोक्यात धरलं होतं.

पालघरच्या गॅरेजवाल्याने गॅस कमी झालाय असं ठोकून दिलं आणि भरपूर गॅस भरला. गाडी पळत असली की जरा गार वारा यायचा. ट्रकांच्या मागे अडकलो की पुन्हा गरम फुंकर. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि पुढच्या खेपेला, बाबा आत मशीनवर असताना, गाडी बोईसरच्या एका एसीवाल्याकडे नेली.

त्याने नळ्या जोडल्या. उभ्या गाडीत दाबाचा काटा चढत चढत गेला आणि कॉम्प्रेसर खटकन बंद पडला. पंखा फिरत होता. गॅस कमी कुठला, जास्तच होता. आतली गरमी बाहेर पडत नाही असं म्हणत त्याने पुढचा बंपर उतरवला. रेडिएटरच्या पुढे बारीक पत्र्यांची जाळी असते, तिच्यातून वारा जायला हवा. ती काळीकुट्ट झाली होती. धूळ, पिसं, माश्या, कारखान्यांची काजळी, सगळं एकमेकांना चिकटून लेप बसलेला. त्याने नखाने खरवडून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"मॅडम, इसमें तेल किसने लगाया?"

मला वास घ्यायची गरज नव्हती. मुशीचं तेल. मुशी म्हणजे शार्क; होडीच्या लाकडाला खाऱ्या पाण्याने खाऊ नये म्हणून लावतात ते. बाबाची होडी तो आजारी पडल्यावर विकली, पण तेलाचा डबा पडवीत राहिला होता. मी खाली वाकून पाहिलं. गाडीच्या पोटाला, चाकांच्या वर, दारांच्या बिजागऱ्यांना, सगळीकडे कुंचला फिरला होता. पुढच्या जाळीतून हात आत घालून बाबाने ती पत्र्यांची जाळीही न्हाऊ घातली होती. मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. स्वतःच्या हाताने स्वतःची भट्टी पेटवली होती म्हाताऱ्याने.

साबणाच्या पाण्याने जाळी धुतली, मुडपलेले पत्रे एकेक करून सरळ केले, जास्तीचा गॅस काढला. परतताना गाडी इतकी गार झाली की बाबाने उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं. मी जिंकल्यासारखी गाडी चालवत होते. बेटेगाव मागे पडल्यावर त्याला विचारलं, तेल कधी लावलंस, आणि मला का नाही सांगितलंस? होळी झाल्यावर, म्हणाला. मी चिडवलं, पाण्यात जाणार होती का गाडी?

तो काचेबाहेर बघत म्हणाला,

"धंदा संपून होडी वर ओढली ना बाय, मंग तेल लावतात. उद्या धंद्याला जायची तिला कोन लावतो? मी तवाच ठरवलेला, आता बास. तू नेत होती म्हनून येत होतो."

मी गाडी बाजूला घेतली नाही. एसी चालू होता आणि माझे हात घामाने स्टिअरिंगवरून निसटत होते.

पुढच्या खेपेच्या सकाळी मी गाडी दारात आणली. एसी लावला, सीट गार होऊ दिली, मागचं दार उघडून ठेवलं. बाबा पडवीत बसला होता, धुतलेला सदरा घालून. मला क्षणभर वाटलं, उठतोय. त्याने बसल्याबसल्या नुसता हात वर केला.

"दार लाव, बाय," तो म्हणाला, "गारवा फुकट जातो."