उजव्या पायाचा झटका

सगळे त्याला इंजिन म्हणायचे, आणि उगीच नाही म्हणायचे. मोटरवाल्या मालसायकली आल्या नव्हत्या तेव्हा साध्या सायकलीच्या पुढच्या पेटीत औषधांची खोकी भरून हा माणूस दवाखान्याचा चढ चढायचा, आणि वर शीळ घालायचा. उतरून सायकल ढकलताना त्याला कुणी पाहिलं नाही. पोटऱ्या अशा, की शिंप्याने एकदा विचारलं होतं, ‘पाय आहेत का उखळं?’ त्या पोटऱ्यांचा त्याला गर्वही होता. बायको कौतुकाने तेल चोळायला बसली की सांगायचा, ‘हळू गं, कंपनीचा माल आहे.’

पुढे कंपनीने मोटरी आणल्या तेव्हा हाच सगळ्यांत जास्त हसला. म्हणाला, ‘मोटर लावून चढायचं तर आईच्या कडेवर बसून का नाही चढायचं?’ हसला खरा, पण तोवर त्याचा उजवा गुडघा आतून झिजायला लागला होता. ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. तिच्याच तळव्याखाली तो गुडघा रोज कांद्यासारखा सुजायचा.

पहिल्या मोटरी चाकात होत्या. त्या बिचाऱ्या भोळ्या. पाय नुसता गोल फिरला की त्या धावायच्या. पाय जोरात आहे की मेलेला आहे, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. इंजिनचं फावलं. तो नुसते पाय फिरवायचा, मोटर ओढायची, आणि लोक म्हणायचे, ‘म्हातारा झाला तरी बघा!’ तोही मिशीवरून हात फिरवायचा.

पण चढावर त्या चाकातल्या मोटरी तापायच्या. तव्यासारख्या. अर्ध्यात बंद पडायच्या. मग कंपनीने नव्या सायकली आणल्या. त्यांची मोटर मधोमध, पेडलच्या जवळ. ही मोटर भोळी नव्हती. पेडलवर पाय किती जोराने दाबला ते तिला कळायचं, आणि जेवढा पायाचा जोर तेवढीच तिची मदत. धट्ट्याकट्ट्याला भरभरून द्यायची, आणि ज्याला खरी गरज त्याच्याकडे पाठ फिरवायची. माणसांतही अशी असतात म्हणा.

इंजिनचा डावा पाय दाबला की सायकल उडी घ्यायची. उजव्याची पाळी आली की मोटर झोपायची. पुन्हा डावा, पुन्हा उडी. सपाटीवर चालून जायचं. चढावर मात्र सायकल लंगड्या घोड्यासारखी जायला लागली.

‘इंजिन एकाच सिलिंडरवर चालतंय रे!’ आवारात कुणीतरी ओरडलं, आणि सगळे पोट धरून हसले. इंजिनही हसला. हसताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही. ती डबा घेऊन फाटकात उभी होती.

आता त्या कामाची एक रीत सांगायला हवी. दवाखान्याला जाणारा माल नाजूक, काचेच्या बाटल्या आणि तपासणीच्या रक्ताच्या नळ्या. नवी सायकल कुणाच्या हाती कायमची द्यायची तर मुकादम आधी पेटीत माणूस बसवायचा आणि पूर्ण चढ चढवून घ्यायचा. त्याचं म्हणणं, ‘बाटली फुटल्यावर बोलते. माणूस आधी बोलतो.’ पेटीतला म्हणाला झटका बसला, तर चढाची फेरी गेली. पेटीतल्याचा शब्द शेवटचा. त्यावर वाद नाही.

चढाची फेरी म्हणजे कायमचं काम. बाकीच्यांना सकाळी फाटकात उभं राहून, आज बोलावतात का, याची वाट बघावी लागायची. त्या उभ्या राहणाऱ्यांत इंजिनचा जावई होता. मुलगा कष्टाचा, पण काम आज आहे तर उद्या नाही. त्यामुळे लेक सासरच्या एका खोलीत, पडद्याआड दिवस काढत होती. चढाची फेरी त्याला मिळाली तर लेकीला स्वतःची खोली घेता आली असती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

इंजिनच्या परीक्षेचा दिवस आला. पेटीत बसणारा नेहमीचा जाडा स्वयंपाकी तापाने पडलेला. मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं आणि डबा घेऊन उभी असलेली इंजिनची बायको दिसली.

‘वहिनी, बसता का? वजनही बरोब्बर आहे.’

‘माझं वजन बघायला ठेवलंय का तुम्हाला?’ ती म्हणाली. सगळे हसले. तिने पदर खोचला आणि पेटीत चढली. पेटी पुढे, म्हणून तिचं तोंड त्याच्याकडे झालं, पाठ रस्त्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ समोरासमोर दोघं कधी बसली नसतील.

‘अगं, धरून बस,’ तो म्हणाला. डोळ्यांनी दुसरंच म्हणाला. तिला ते कळलं.

मुकादम आपल्या सायकलवरून मागे. चढ लागला. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. मग सायकल उडी घेऊ लागली. उडी, आणि झोप. उडी, आणि झोप. तिचं डोकं पेटीच्या कडेला आपटलं. समोर त्याचा चेहरा घामाने न्हालेला. त्याने एक हात मुठीवरून काढला आणि उजव्या मांडीवर ठेवून, पाय खाली जाताना वरून दाबायला लागला. हाताने पाय चालवत होता बापडा. पायात जोर नाही हे मोटरला कळू नये म्हणून हाताचा जोर देत होता. दर फेऱ्याला त्याच्या ओठांतून हवा सुटायची, कुणी बुक्की मारावी तशी.

तिला वाटलं, हा माणूस आज वर पोचेल. उद्याही पोचेल. मग एक दिवस हा गुडघा उचलून घरी आणावा लागेल. आणि तिला हेही वाटलं, की खाली फाटकात जावई उभा आहे. दोन्ही गोष्टी एकदमच मनात आल्या. आधी कुठली आली, ते तिने नंतर कितीदा आठवून पाहिलं. आठवलं नाही.

वर दवाखान्याच्या दारात मुकादमाने विचारलं, ‘काय वहिनी? झटका?’

इंजिन सायकलच्या मुठी धरून उभा होता. पाय जमिनीवर टेकलेला, पण थरथरत होता.

‘बसला,’ ती म्हणाली. ‘दर फेऱ्याला. उजव्या पायाचा.’

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घातली. पण खाली आवारात बातमी पोचायला वेळ लागला नाही. ‘बायकोनेच सांगितलं! इंजिनाचं बिंग बायकोनेच फोडलं!’ एकाने तर लंगडत चालून दाखवलं.

घरी आल्यावर ती तेलाची वाटी घेऊन बसली. त्याने पाय आखडून घेतला.

‘अहो, पाय राहिला असता का तो?’

‘लेकीसाठी विकलास मला.’

‘पायासाठी बोलले मी.’

‘कुणाच्या?’ तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवसापासून त्याने तिला तेल लावू दिलं नाही. स्वतःच लावायचा, वाकडातिकडा होऊन, आणि अर्धं तेल अंथरुणाला.

कंपनीने त्याला काढलं नाही. मुकादमाने रदबदली केली. स्वयंपाकी उठेचना, म्हणून पेटीत बसायचं काम त्याला दिलं. ज्याने जन्मभर ओझं वाहिलं तो आता ओझं झाला. रोज कुणीतरी त्याला पेटीत घालून चढवायचं आणि उतरवायचं. रस्त्यावरून जाताना पोरं टाळ्या वाजवायची. पण त्या कामातही तो पटाईत निघाला. पेटीत बसल्याबसल्या सांगायचा, डावा पाय आळशी आहे, साखळी सैल आहे, दाब न सोडताच गिअर बदललास, साखळी तुटेल एखाद दिवशी. कधी चुकला नाही. मुकादम म्हणायचा, ‘इंजिनाच्या बुडाला डोळे आहेत.’

मग जावयाची परीक्षा आली.

लेकीने आदल्या दिवशी येऊन आईला सांगितलं होतं, खोली पाहून ठेवलीय, खिडकी आहे तिला. आई हसली. बाप कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याने विचारलं, ‘खिडकी कुठल्या बाजूला?’ लेकीला वाटलं, बाबांचा राग गेला. ती मोठ्या आनंदाने घरी गेली.

‘मामा, नीट बसलात ना?’ जावयाने विचारलं. त्याने पेटीत घडी घालून आपला अंगरखा ठेवला होता, म्हाताऱ्याला टोचू नये म्हणून.

चढ लागला. समोर जावयाचे तरणे पाय. डावा, उजवा, डावा, उजवा, एकाच मापाचे. मोटर एका सुरात गुणगुणत होती. वळणावर त्याने पायाचा दाब हलकेच सोडला, गिअर बदलला, पुन्हा दाब दिला. इंजिनला कळलंसुद्धा नाही. अशी सायकल त्याने स्वतः त्याच्या ऐन उमेदीत चालवली होती. पाण्याने भरलेली वाटी मांडीवर ठेवली असती तर थेंब सांडला नसता. त्याचे डोळे भरून आले. जावयाला वाटलं, वारा लागतोय.

‘काय इंजिन?’ वर मुकादमाने विचारलं. विचारतानाच हसत होता, कारण मागून येताना त्याने पाहिलंच होतं.

इंजिन पेटीतून सावकाश उतरला. अंगरख्याची घडी उचलून जावयाच्या हातात दिली.

‘झटका आहे,’ तो म्हणाला. ‘उजव्या पायाचा.’

‘मामा!’

मुकादमाचं हसू तोंडावरच राहिलं. ‘खरंच? मला तर—’

‘तुम्ही मागे होता. मी आत होतो.’

पेटीतल्याचा शब्द शेवटचा. त्यातून इंजिनचा, जो कधी चुकला नव्हता. मुकादमाने फेरी दुसऱ्याला दिली. जावई अंगरखा छातीशी धरून दवाखान्याच्या दारात उभा राहिला. आपल्या उजव्या पायाकडे बघत होता. पुढे किती दिवस तो त्या पायाकडे तसाच बघायचा, चालताना, बसताना, नको तिथे दाबून पाहायचा. त्याला वाटायचं, आहे काहीतरी. मामा खोटं कशाला सांगतील?

लेक येऊन रडून गेली. बापाबद्दल वाकडा शब्द बोलली नाही. ‘बाबांनी नाइलाजाने सांगितलं असेल,’ एवढंच म्हणाली, आणि पडद्याआड परत गेली.

ती गेल्यावर घरात दोघंच उरली. तो तेलाची वाटी घेऊन बसला होता. बायको समोर येऊन बसली.

‘अहो, खरंच बसला का झटका?’

त्याने कितीतरी दिवसांनी पाय लांब केला. सुजलेला, तेलाने चकाकणारा. तो तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला,

‘तूच सांग. तुला कळतात ना झटके.’

तिने वाटी जवळ ओढली आणि चोळायला लागली.