अर्जाला जोडलेलं पत्र

आमच्या नात्याचा एकही पुरावा शिल्लक राहू नये याची काळजी आम्ही चार वर्षं घेतली. पाचव्या वर्षी एका सरकारने आमच्याकडे तोच पुरावा मागितला.

दुबईच्या अल मनखूल भागातल्या एका जुन्या इमारतीत आम्ही दोघी राहत होतो. ती इंग्लंडमध्ये मराठी घरात जन्मलेली, तिकडच्या पासपोर्टवर दुबईत नोकरीला आलेली क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे बांधकामांच्या खर्चाचा हिशेब करणारी. मी सोलापूरची, एका छापखान्यात कॅटलॉगची प्रूफं तपासणारी. तिच्या पगारात तिला समुद्र दिसणारा फ्लॅट मिळाला असता. पण ती माझ्या खोलीत राहिली, आणि आमच्या खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीचे एसी दिसत. दोन मुलींनी मिळून खोली घेणं तिथे इतकं सर्रास होतं की कुणी वळूनही पाहत नसे. तरी आम्ही नियम केले होते. दोन पलंग, दोन्हींवर चुरगळलेल्या चादरी. एकत्र फोटो काढला तर घरी पोचायच्या आत पुसायचा. मेसेज वाचला की डिलीट. भाडेकरारावर एकटीचं, म्हणजे माझं, नाव. तिथला कायदा आम्हाला तुरुंगात घालू शकत होता, नाहीतर विमानात बसवून परत पाठवू शकत होता. आम्हाला लाज कधीच वाटली नाही. भीती वाटायची. लाज आणि भीती एकच समजणाऱ्या माणसाशी मी आजही भांडते.

भांडण मला घरातून मिळालं. माझे बाबा विडी कामगारांच्या युनियनचं काम करत. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. बाबांचा एक नियम होता: खाली नाव नसलेलं पत्रक वाटायचं नाही. सही करायला जो घाबरतो त्याचं लोकांनी का ऐकावं? आणि त्यांची मुलगी रोज फोनमधला तिच्या माणसाचा शब्द न् शब्द पुसत होती.

मग मंदी आली. शहरभर क्रेन जागच्या जागी थांबल्या. तिच्या कंपनीने आधी पगार कापले, मग माणसं. एका गुरुवारी ती भरदुपारी घरी आली, बूट न काढता पलंगावर बसली आणि म्हणाली, "खलास." व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला तीस दिवस मिळत.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी तिच्या पुस्तकांचा खोका बांधत होते, तेव्हा ती म्हणाली, "तू पण चल. तिकडे आपल्यासारख्यांची नोंदणी होते. सिव्हिल पार्टनरशिप. लग्न म्हणत नाहीत, पण हक्क जवळपास तेच."

"हे तू मला मागणी घालतेयस?"

"हो. गुडघ्यावर बसले असते, पण तू आज फरशी पुसली नाहीस."

मी हसले आणि मग बराच वेळ रडले. हो म्हणायचं राहूनच गेलं. तिने ते गृहीत धरलं.

नोंदणीसाठी मला इंग्लंडचा व्हिसा हवा होता, नियोजित जोडीदार म्हणून. फॉर्मबरोबर जोडायच्या कागदांची यादी होती. एकत्र राहिल्याचे कागद, पत्रव्यवहार, वेगवेगळ्या काळातले फोटो, ओळखीच्या लोकांची पत्रं. आम्ही कपाट उपसलं. माझा भाडेकरार, तिचा पगाराचा दाखला, आणि दोघींची नावं एकत्र लिहिलेलं एक लग्नपत्रिकेचं पाकीट, तेही छापखान्यातल्या सहकाऱ्याच्या लग्नाचं. एका देशात पुरावा असणं हा गुन्हा होता आणि दुसऱ्यात नसणं. दोन्हीकडच्या साहेबांना एका खोलीत कोंडून एकमेकांचे नियम वाचायला लावावेत, असं मला वाटलं. अजून वाटतं.

ती व्यवहारी होती. "चार ड्रेस घेऊ, उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर जाऊ. दर थंडीत जातो तिथेच. ड्रेस बदलून फोटो काढू."

"आणि चार वर्षांचे म्हणून देऊ?"

"मग? गेलो नव्हतो का आपण चार वर्षं?"

"खोटा पुरावा मी तयार करणार नाही."

"अगं, खोटा कसा? पुसलेला परत काढतोय."

मी ऐकलं नाही. मला तेव्हा फार बरोबर असल्यासारखं वाटलं होतं. आता त्या किनाऱ्यावरची ती मला नीट आठवत नाही. वाऱ्याने केस तोंडावर यायचे तेव्हा ती डाव्या हाताने मागे करायची की उजव्या, हे सांगायला माझ्याकडे एकही फोटो नाही.

ती इंग्लंडला परत गेली. तिच्या गावच्या नोंदणी कार्यालयात तिने उन्हाळ्यातली एक तारीख तात्पुरती धरून ठेवली. मी पत्र मागायला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकू दादरच्या, नवरा एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट. आमच्या आजारपणात डबा त्यांच्याकडूनच यायचा.

"ये गं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस? मैत्रीण गेली म्हणून?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी, मराठीत, स्वयंपाकघरात उभी राहून. काकूंनी गॅस बारीक केला.

"मला काय डोळे नाहीत? एवढी वर्षं दोघींची भांडणं वरपर्यंत ऐकू यायची. मैत्रिणी अशा भांडत नाहीत, बाई."

"मग लिहाल?"

"लिहायचं म्हणजे..." त्यांनी दाराकडे पाहिलं. "यांच्या ऑफिसात रोज एकाला काढतायत. कुठे काही गेलं तर?"

"कुठे जाणार नाही, काकू. फक्त व्हिसाच्या ऑफिसात."

"बघते. यांना विचारते."

आठवड्याने त्या स्वतः खाली आल्या आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात देऊन लगेच निघून गेल्या. इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. खाली पूर्ण नाव, फोन नंबर, सही, पासपोर्टची प्रत. मधे एक वाक्य होतं: या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या राहतात, इतकं प्रेम मी रक्ताच्या नात्यातही पाहिलं नाही.

मी ते तिला फोनवर वाचून दाखवलं.

"ते लावू नकोस," ती म्हणाली. "व्हिसाचा साहेब तेवढं बहिणींचंच वाक्य वाचेल."

"काकूंनी सही केलीय. नवऱ्याची नोकरी टांगणीला असताना."

"त्यांना माझा नमस्कार सांग. पण ते लावू नकोस. प्रॉमिस?"

मी "बरं" म्हणाले. आणि लावलं. आमच्या बाजूने नाव घालून उभं राहिलेलं अख्ख्या दुबईत एकच माणूस होतं. त्याचा कागद खणात लपवून ठेवणं मला जमेना. मी सहीकडे पाहिलं, वाक्याकडे पाहिलं नाही.

नकाराचं पत्र आलं त्यात तीन कारणं होती. पहिलं: तुमच्याच साक्षीदाराने या नात्याचं वर्णन बहिणींसारखं असं केलं आहे. बाकीची दोन वाचायची गरज नव्हती.

काकूंना मी सांगितलं की कागद कमी पडले. तिला खरं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, मला ते येतं. पुन्हा अर्ज करता येईल, असं मी रोज म्हणत राहिले. ती "हं" म्हणायची.

दोन आठवड्यांनी, एका शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला.

"नोंदणी कार्यालयातून फोन होता. तारीख पुढे ढकलायची का विचारत होते. छान बोलल्या त्या बाई. मी नको म्हटलं, रद्दच करा."

"नको का? मी पुढच्या महिन्यात परत—"

"पुढच्या वेळी पण तू हेच करशील. माझ्याशी बरं म्हणशील आणि तुला योग्य वाटेल ते करशील. करशील ना?"

नाही करणार, एवढे दोन शब्द पुरेसे होते. तिलाही ते ऐकायचे होते, म्हणूनच तर तिने विचारलं. मी खरंखुरं उत्तर शोधत बसले. पलीकडे तिची किटली उकळायला लागली, मग तिचं बटण आपोआप बंद झाल्याचा आवाज आला.

"ठेवते," ती म्हणाली. "चहा गार होईल." तिने अजून चहा केलाही नव्हता.