कडू करांद्याचा तास

कुरवंड्याजवळच्या आमच्या शाळेने एका प्राचीन ज्ञानपरंपरेचं जतन केलं, असं माझ्या सत्कारात दोनदा सांगितलं गेलं. दोन्ही वेळा मी मान डोलावली. खरं तर मी माझी जागा वाचवत होतो.

एकोणीसशे साठच्या दशकात त्या शाळेत आम्ही दोन मास्तर. पट घसरला की दुसरा जाणार, आणि दुसरा मी होतो. दिवाळीनंतर ठाकरवाडीतली मुलं यायचीच बंद झाली. विचारायला वाडीवर गेलो. तिथे सगळे जिचं ऐकत, ती मावशी म्हणाली, "गुर्जी, चार वर्सं साळंत बसून पोरीला कडू करांदा वळखंना. काय शिकिवता वो?"

मी म्हणालो, "मग तुम्हीच या शिकवायला."

असं आपण बोलायचं म्हणून बोलतो. मावशी शनिवारी खरंच आली, रानातून खणलेल्या कडू कंदांची, करांद्यांची, पाटी भरून घेऊन. मागोमाग वाडीतली सगळी मुलं.

महिनाभराने तपासणीचे साहेब आले तेव्हा खुर्चीत मावशी होती आणि मी मुलांत.

"या बाईंचं शिक्षण?"

"मला सही बी येत न्हाई," मावशीनेच सांगून टाकलं.

साहेबांनी वही मिटली. शनिवार गेला, वाडीची मुलं गेली, पाठोपाठ मीही, हे मला दिसायला लागलं. तेवढ्यात साहेबांनी सहज टेबलावरची करांद्याची एक फोड उचलून तोंडाकडे नेली.

चौथीतल्या एका पोरीने त्यांचं मनगटच धरलं. "कच्चा हाय त्यो! घसा धरंल!"

"खाऊ दे की गं," मावशी म्हणाली. "साहेब हाईत. त्यास्नी ठावं असंल."

साहेबांनी फोड खाली ठेवली. "मग खातात कसा?"

सगळा वर्ग पाढा म्हणावा तसा सुरू झाला. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. ज्यांच्या घरी करांद्याला कधी कोणी हात लावला नव्हता, ती गावातल्या शेतकऱ्यांची मुलं सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. मावशीने झाकलेली वाटी पुढे केली. साहेबांनी एक चकती खाल्ली, दुसरी विचारून, तिसरी न विचारता.

शनिवारचा तास कायम झाला. वाडीतलं एकही मूल पुन्हा पटावरून गेलं नाही, मीही नाही. फक्त सही न येणाऱ्या माणसाला शिक्षक म्हणून दाखवायला कुठे रकाना नव्हता. तेव्हा साहेबांनी स्वतःच्या अक्षरात मावशीची नोंद शाळेच्या सामानाच्या वहीत केली: पृथ्वीचा गोल आणि घंटा यांच्या मध्ये, नग एक, स्थिती उत्तम.